निळ्या ठिपक्याचं खोकं

चोर असता तर मूठभर उचलले असते. हा नवा पॅकर मात्र प्रोटीनचे दोनच बार नेत होता. एक निळ्या ठिपक्याच्या खोक्यातला, एक साध्या खोक्यातला. गेले तीन शनिवार, न चुकता.

"मी आपलं कानावर घातलं, बाई," वॉचमन म्हणाला. "दोन बारांनी कंपनी काही बुडत नाही."

"बार गेले त्याचं नाही हो. जोडीच का, ते सांगा."

वॉचमन डोकं खाजवत गेटवर परत गेला.

प्रोटीन बारच्या त्या कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. प्रयोगशाळा तिची. प्रत्येक बॅचचा तुकडा ती मशीनमध्ये घाली, आकडा निघे, आणि मगच 'वीस ग्रॅम प्रोटीन' छापलेला माल तिच्या सहीने बाहेर पडे. बॅचमधली पहिली दोन खोकी बाहेरच्या लॅबकडे तपासणीला जात. त्यांच्यावर निळा ठिपका ती स्वतःच्या हाताने चिकटवी. उद्या काही वावगं निघालं तर मालक नामानिराळे राहणार आणि मान अडकणार आपली, हे ती पक्कं ओळखून होती. सतरा वर्षं उगाच नव्हती ती डोळ्यांत तेल घालून बसली.

आणि आता हा नवा पॅकर. वय पन्नाशीचं, बोलणं मोजकं. वेष्टनावरची बारीक अक्षरंसुद्धा उभ्या उभ्या वाचायचा, म्हणून पोरींनी त्याचं नाव गुरुजी ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिने त्याला हटकलं होतं. करंगळीत बायकी अंगठी!

"इथे दागिना चालत नाही. काढा ती."

"आईची आहे, बाई."

"कुणाची का असेना."

त्याने काढली नाही. वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि कामाला लागला. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

आता तर तिला चैनच पडेना. दुसऱ्या कंपनीचा माणूस असेल? की सरकारी? साहेबलोक हल्ली पॅकर होऊन येतात म्हणे. तिने त्याच्या अर्जावरचा जुन्या नोकरीचा नंबर पाहिला, दोनदा फोन लावला. उचलला कुणी नाही. मालकांना सांगावं तर ते म्हणणार, तुमचं लक्ष कुठे होतं?

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती मुद्दाम कँटीनमध्ये गेली. गुरुजी कोपऱ्यातल्या टेबलावर पाठमोरा बसला होता. समोर दोन काचेचे ग्लास, कोमट पाण्याचे. हातात चक्क स्वयंपाकघरातली किसणी! एक बार त्याने एका ग्लासात किसला, दुसरा दुसऱ्यात. मग हात बांधून नुसता बघत बसला.

ती जेवण तसंच टाकून उठली.

शनिवारी पाळी सुटताना तिने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पिशवी उघडा."

त्याने उघडली. डबा, किसणी, दोन बार.

"कुणी पाठवलं तुम्हाला? खरं सांगा."

"कुणी नाही, बाई. आईसाठी चाललंय हे सगळं."

"आईला काय झालं?"

"किडनी. डायलिसिसवर होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, प्रोटीन भरपूर पोटात जाऊ दे. दात नाहीत तिला. म्हणून दुकानातून हाच बार आणायचा, किसून कोमट पाण्यात भिजवायचा आणि चमच्याने भरवायचा. दुसरं काही तिला चालतच नव्हतं. तरी वजन उतरायचं. हिशेबात प्रोटीन पुरेपूर, आणि अंगठी बोटात राहीना."

"हात्तिच्या!" ती खुर्चीत टेकली. तिला एकदम हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं म्हणून लाजही वाटली. तिच्याही घरी आई होती, तीही बिनदाताची. दर शनिवारी निळ्या ठिपक्याचे दोन बार तिच्याच पर्समधून घरी जात.

"मग दोन दोन का नेता?"

"इथे एकदा चुकून निळ्या खोक्यातला हाती आला. पाण्यात टाकला तर दुधासारखा झाला. साधा मात्र फुगतो, गार झाला की डिंकासारखा चिकटतो. नाव एकच, आकडा एकच. असं का, बाई?"

तिने दाराकडे पाहिलं. मग पर्स उघडली आणि आपले दोन बार त्याच्यापुढे ठेवले.

"आईला हे द्या. निळ्या खोक्यातलेच. साधे चुकूनही देऊ नका."

"साध्यात प्रोटीन नाही?"

"नावाला आहे हो. कातडी-हाडं उकळून काढलेलं. आमचं मशीन नुसता नायट्रोजन मोजतं, तो दुधाचा की कातडीचा हे त्याला कुठे कळतंय? बाहेरच्या लॅबला कळतं, म्हणून ठिपक्याच्या खोक्यांत खरं दुधाचं. धडधाकट माणूस बाकीचंही खातो, त्याचं निभतं. पण आजारी माणसाच्या अंगी ते साधं लागत नाही. नुसतं त्याच्यावर ठेवलं तर खंगत जातं बिचारं." तिने आवाज खाली आणला. "हे मी तुम्हाला सांगितलं नाही बरं का. आईचं नाव काढलंत म्हणून बोलले. दर शनिवारी या, मी देत जाईन."

गुरुजीने बारांना हात लावला नाही. करंगळीवरची चिकटपट्टी त्याने सावकाश सोडवली आणि अंगठी टेबलावर, तिच्या सहीच्या कागदांवर ठेवली.

"आईला जाऊन दहा महिने झाले, बाई," तो म्हणाला. "शेवटचं वर्षभर मी तिला साधेच किसून देत होतो."