दुभाषीचं सूप

“एका रांगेला एकच बिल्ला,” कारखान्याचा परदेशी साहेब क्रॉफर्ड इंग्रजीत म्हणाला आणि त्याने खिशातून दोरीला बांधलेला लाल बिल्ला काढून टेबलावर फेकला. “जिला संडासला जायचं असेल तिनं हा गळ्यात अडकवायचा. ती परत येईपर्यंत दुसरी उठणार नाही. त्यांची संमती मला नको आहे. अथॉरिटी माझी आहे. बाया माझ्या कंट्रोलमध्ये राहिल्या पाहिजेत. सांग यांना.”

झेल्मिराने उचललेला चमचा खाली ठेवला. समोर घेवड्याचं सूप नुकतंच आलं होतं, वाफ निघत होती. टोपोलचानी गावच्या या कारखान्यात ती सहा वर्षं दुभाषी होती, पण इथल्या कँटीनमध्ये गरम सूप तिच्या नशिबी नव्हतं. साहेब बोलला की तिने बोलायचं, मुकादम बोलले तरी तिनेच बोलायचं. सगळ्यांची जेवणं उरकायची आणि तिच्या सुपावर चरबीचा थर धरायचा.

टेबलापलीकडे चार मुकादम बसले होते. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या चार रांगा त्यांच्या हाताखाली. दुसऱ्या रांगेत झेल्मिराची धाकटी बहीण बोझेना होती. तिला पाचवा महिना होता आणि दर तासाला उठावं लागत होतं. आत्ता ती खिडकीजवळच्या टेबलावर पाव मोडत बसली होती. झेल्मिराने बिल्ल्याकडे पाहिलं आणि तिची कानशिलं तापली.

तरी तिने नेहमीचंच केलं. “साहेबांची विनंती आहे,” ती स्लोवाकमध्ये म्हणाली. “मशीन रिकामी राहू नयेत म्हणून सगळ्यांनी थोडी जबाबदारी वाटून घेऊ. हा बिल्ला त्याच्यासाठी. अधूनमधून तपासणी होईल, एवढंच.”

अथॉरिटीची ती जबाबदारी करायची. कंट्रोलला स्लोवाकमध्ये अगदी तसाच दिसणारा शब्द आहे, पण त्याचा अर्थ नुसती तपासणी; तोच ती पुढे सरकवायची. हुकमाची विनंती व्हायची. आपण मध्ये उभ्या आहोत म्हणून आपल्या माणसांना झळ लागत नाही, असं तिला वाटायचं. त्यावर ती रात्री शांत झोपायचीसुद्धा.

“गळ्यात?” धाकटा मुकादम मिलोश म्हणाला. “मग घंटापण बांधा म्हणावं. कुरणात हरवायला नकोत.”

“गप रे.” वेंडेलिनकाकांनी मिशीवरचं सूप पुसलं. चौघांत ते वडीलधारे. त्यांनी मान डोलावली की चारही रांगा डोलावायच्या. “ऐक पोरी. दुसरा कोणी असता ना, तर हा बिल्ला मी त्याच्याच सुपात बुडवला असता. मागे रविवारची सुट्टी गेली तेव्हा सगळे मशीन बंद करायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, हा माणूस ओरडतो खरा, पण बोलणं बघा किती मऊ. परदेशी असून विनंती करतो. अशा माणसाला नाही म्हणवत नाही बघ. सांग त्याला, दुपारपासून लावतो.”

रविवारची सुट्टी. त्या दिवशी ‘साहेबांनाही वाईट वाटतंय’ हे वाक्य तिने स्वतःच्या मनाने घातलं होतं. क्रॉफर्डला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. आतापर्यंत तिला त्याचा राग येत होता. आता स्वतःचा आला, आणि तो कितीतरी जास्त कडू होता.

“काय म्हणतोय म्हातारा?” क्रॉफर्डने तोंडात घास असतानाच विचारलं. “तयार झाली ना मेंढरं?”

“काका, थांबा,” झेल्मिरा स्लोवाकमध्ये म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे थांबले. “मी खोटं सांगितलं. आता साहेब म्हणाले ते जसंच्या तसं ऐका. तुमची संमती त्यांना नको आहे. इथे हुकूम त्यांचा. बाया त्यांच्या मुठीत राहिल्या पाहिजेत. एकीच्या गळ्यातला बिल्ला परत येईपर्यंत दुसरीनं कळ सोसायची. आणि आत्ता विचारतायत, तयार झाली ना मेंढरं?”

वेंडेलिनकाकांनी हळूच विचारलं, “आणि रविवारची सुट्टी गेली तेव्हा काय म्हणाला होता?”

“रविवारी काम नको असेल तर चालते व्हा, म्हणाले होते. विनंती माझी होती, काका. सगळ्याच विनंत्या माझ्या होत्या.”

वेंडेलिनकाकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती नजर तिला मुकाट सोसावी लागली. मग त्यांनी दोरीला धरून बिल्ला उचलला आणि क्रॉफर्डच्या वाटीत सोडला. सूप त्याच्या शर्टावर उडालं. चौघे उठले. खिडकीजवळ बोझेना पोटावर हात ठेवून उभी राहिली, मग तिची रांग, मग बाकीच्या तिन्ही. खुर्च्या सरकू लागल्या, सगळे एकदम बोलू लागले.

“काय चाललंय हे? काय बोलतायत ते?” क्रॉफर्ड ओरडला. “बसायला सांग त्यांना. मी हुकूम देतोय, कळतंय का? सांग ना, झेल्मिरा.”

त्याचा हुकूम टेबलाच्या कडेपर्यंतही पोचेना. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. झेल्मिराने वाटी जवळ ओढली आणि भरून चमचा तोंडात घातला. भरल्या तोंडाने बोलू नये, हे आईने दोघी बहिणींना शिकवलं होतं.

सूप अजून गरम होतं.