कूस बदलण्याचे दहा मार्क

शिकवणाऱ्या बाई स्वतःच खाटेवर आडव्या झाल्या आणि त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली.

नेहमीचा रबरी पुतळा कोपऱ्यात टेकवून ठेवला होता. कितीही पिरगाळलं तरी तो हूं की चूं करत नसे, त्यामुळे आजवर सगळ्याच पास होत आल्या होत्या. पण यंदा नर्सिंगच्या या वर्गात बाईंची सख्खी भावजय होती. घरी आठ महिन्यांचं बाळ ठेवून दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. आज नापास झाली की कोर्स सुटला. आणि पास झाली तर?

“नणंदबाई पेपर काढणार, नणंदबाईच तपासणार. आपण पुतळ्याला नमस्कार करून घरी जावं हे बरं!” वर्ग जिला लवंगी म्हणायचा, ती सकाळीच म्हणाली होती.

म्हणून ही पट्टी. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला खाटेवरून न उठवता कुशीवर वळवायचं आणि खालची चादर बदलायची. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आवाज ओळखू आला की बाद.

सहा जणी होऊन गेल्या. बाई मार्क सांगत होत्या, टेबलापाशी दुसऱ्या शिक्षिका लिहून घेत होत्या.

“खांदा ओढलास. सहा.”

“नखं काप आधी. पाच.”

सातवीची पावलं खाटेजवळ थांबली.

“घाबरू नका हं, मी इथेच आहे. आधी गुडघा वाकवते, मग तुम्हाला माझ्याकडे वळवते. पडू देणार नाही.”

“बोलली!” लवंगी ओरडली. “मॅडम, बाद!”

भावजयीचा चेहरा खर्रकन उतरला. “डोळे बांधलेत त्यांचे,” ती पुटपुटली. “न सांगता हात कसा लावायचा?”

बाईंनी पट्टी काढली. त्या उठून बसल्या.

“बाद मी झाले,” त्या म्हणाल्या. “लोक काय म्हणतील म्हणून रुग्णाशी बोलायचे मार्क मीच काढून टाकले. सगळ्यांची परीक्षा पुन्हा, बोलून. हिला मात्र मी तपासणार नाही. लवंगी, ये, झोप इथे.”

“मी?”

“पुतळ्याची जागा रिकामीच आहे.”

वर्गात हशा पिकला. लवंगी मुठी आवळून, डोळे मिटून पडली. भावजय पुन्हा तसंच बोलली, तिला अलगद वळवलं, जुनी चादर गुंडाळत नेली, नवी सरकवली. मधेच कधीतरी लवंगीच्या मुठी सुटल्या.

“किती?” बाईंनी विचारलं.

लवंगी उठायचं नाव घेईना. “नऊ,” ती पडल्यापडल्याच म्हणाली. “हात गार होते, त्याचा एक कापला.”

टेबलापाशी नऊ लिहिले गेले.

बाईंनी भावजयीचे गार हात सगळ्यांदेखत आपल्या हातांत घेतले आणि चोळू लागल्या.

“चल वहिनी,” त्या म्हणाल्या, “वॉर्डात रुग्ण वाट बघतायत तुझी.”