खिडकीतला कप

पंचवीस वर्षांपूर्वी मारिके ही डच विद्यार्थिनी ठाकूरद्वारला आमच्या घरी वर्षभर राहिली होती. यंदा मी आणि माझी बायको मीनाक्षी हॉलंडला तिच्याकडे गेलो. तिने चहा केला. नवऱ्याला, मुलांना आणि मला पांढरे कप दिले. मीनाक्षीला मात्र खिडकीत ठेवलेला निळा कप दिला.

“आई, हा फक्त तुझा. यातून दुसरं कुणी पिणार नाही,” मारिके म्हणाली. “तूपण माझा कप असाच खिडकीत ठेवायचीस. तुमच्या कपांत मिसळूसुद्धा द्यायची नाहीस. इतके लाड माझे कुणीच केले नाहीत.”

मी मीनाक्षीकडे पाहिलं नाही.

चहा संपल्यावर ती उठली. मारिके नको नको म्हणत होती, तरी तिने तो कप स्वतः विसळला आणि खिडकीत उपडा घातला.