ओठावरची लव

हातखंब्याच्या तिठ्यावरून गाडी लांज्याच्या रस्त्याला लागली, तरी दर्शनाचं बोलणं थांबलं नव्हतं. तिच्या मांडीवर एक पांढरा खोका होता. तो तिने दोन्ही हातांनी असा दाबून धरला होता, की त्याचे कोपरे चेपले होते.

"आज मी तुम्हाला हळू चालवा म्हणणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"आधी फोन करून विचारलं असतं तर..." विनोद पुटपुटला.

"काय विचारायचं? आमच्या मुलीचं तोंड का भाजलंत, हे फोनवर विचारायचं?"

खोक्यात घरच्या घरी केस काढायचं यंत्र होतं. ते कातडीवर टेकवून बटण दाबलं, की डोळे दिपवणारा उजेड पडतो, केसांची मुळं तापतात आणि हळूहळू केस यायचे थांबतात. साखरपुडा झाल्यावर थोड्याच दिवसांत ते राहीच्या नावाने कुरिअरने आलं. पाठवणाऱ्याच्या जागी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं, निलेशचं नाव होतं.

दर्शनाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. साखरपुड्यात राहीच्या तोंडात पेढा घालताना निलेशच्या आईने, ज्ञानेश्वरीबाईंनी, चार बायकांदेखत म्हटलं होतं, "ओठावरची लव जरा दाटच आहे हो. फोटोत दिसेल." बायका हसल्या होत्या. दर्शनाही हसली होती. आता तिला सगळ्यात जास्त तेच सहन होत नव्हतं.

परवा सकाळी राही न्हाणीघरातून बाहेर आली ती ओठावर लाल चौकोन घेऊन. दुपारपर्यंत फोड आले. मारुती मंदिराजवळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी खोक्यावर छापलेली रंगांची पट्टी दाखवली. गोऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोन होते आणि शेवटच्या गडद रंगांवर फुली होती.

"सावळ्या कातडीला हा प्रकाश चालत नाही. केसाच्या मुळाऐवजी कातडीच तो शोषून घेते. त्यात हिने तो सगळ्यात वरच्या पातळीवर लावून एकाच जागी पुन्हा पुन्हा दिलाय. राही, एवढं ठळक छापलंय. वाचलं नाहीस?"

औषधाच्या डबीतला कागद वाचल्याशिवाय गोळी न घेणारी मुलगी! बाईच्या एका टोमण्याने तिची मती अशी गुंग व्हावी, हे दर्शनाच्या जिव्हारी लागलं.

राजापूरला ज्ञानेश्वरीबाई ओटीवर सूप घेऊन काजूगर निवडत होत्या. "या या, विहीणबाई! कळवलं असतंत तर घावणे घातले असते."

दर्शना बसली नाही. तिने खोका सुपात, काजूगरांवरच ठेवला. "हे तुमचं तुम्हाला परत. आणि हा फोटो बघा. लव गेली हो. आता काढा लग्नाचे फोटो."

मोबाइलमधला तो चेहरा पाहून ज्ञानेश्वरीबाईंचा हात तोंडाकडे गेला. पण त्या लगेच सावरल्या. "अरेरे! पण यंत्रबिंत्र मी नाही हो पाठवलं. मला फोनवरून साडी मागवता येत नाही. बोलले असेन मी त्या दिवशी, नाही म्हणत नाही. सुनेला बोलायचं नाही तर कुणाला बोलायचं?"

"मग हे काय आभाळातून पडलं?"

आवाज ऐकून निलेश आतून आला. दर्शनाने मोबाइल त्याच्यासमोर धरला. तो फोटोकडे नुसता बघत राहिला.

"फार दुखतंय का तिला?"

"तुला काय करायचंय? कुणी पाठवलं ते सांग."

"मी पाठवलं," निलेश म्हणाला. मग आईकडे न पाहता, पाठ केल्यासारखं, "मला ती लव आवडत नव्हती."

"अरे, काय बोलतोस, कळतंय का?" ज्ञानेश्वरीबाई किंचाळल्या.

आयुष्यात कधी आवाज न चढवलेला विनोद पुढे झाला. "हे लग्न होणार नाही. चल, दर्शना."

"अहो, एवढ्यातेवढ्यावरून कुणी लग्न मोडतं का?" ज्ञानेश्वरीबाई सूप टाकून उठल्या. काजूगर ओटीभर घरंगळले. "याला महिनाभर समजावून बोहल्यावर चढायला तयार केलाय मी! मुंबईला परत जातो म्हणत होता."

"आणि माझी पोरगी?" दर्शना पायरीवरून वळली. "मला एवढ्यात लग्न नको, म्हणून पाया पडली होती माझ्या. तुमचं घराणं बघून मी तिचं ऐकलं नाही. आता शरम वाटते मला."

घरी राही भिंतीला टेकून बसली होती. दर्शनाने हात स्वच्छ धुतले, बोटावर मलम घेतलं आणि तिच्या ओठावर अलगद टेकवलं.

"मोडलं गो. तोंडावर सांगून आलो."

राहीने डोळे मिटले. तिचा श्वास कितीतरी वेळ कोंडून धरल्यासारखा सुटला.

"रडू नकोस. वेळेवर कळलं हे बरं झालं. कबूल केलं त्याने, लाज नाही मेल्याला. लव आवडत नव्हती म्हणे. यापुढे तुझ्या मनाविरुद्ध या घरात काही होणार नाही."

उशीजवळचा फोन उजळला. पडद्यावर निलेशचं नाव होतं.

"अजून हिंमत आहे याची!" दर्शना उसळली. राहीचा हात पुढे यायच्या आत तिने फोन उचलला आणि मेसेज वाचला.

'एवढं भाजून घ्यायचं आपलं ठरलं नव्हतं.'