दोन वेण्या

"ताई, हिच्या वेण्या जरा सोडता का?" संस्थेची पोरगी गोड आवाजात म्हणाली. "फोटोत मुलं अशी नीटनेटकी दिसली, की देणगीदारांना गरज पटत नाही हो."

माझा हात लेकीच्या डोक्यावर तसाच राहिला. वीटभट्टीवर दप्तरं आणि रक्तवाढीचं औषध वाटायला माणसं येणार, म्हणून मी पहाटेच उठले होते. दोन दिवस टँकर आलेला नव्हता. उरलेली एक घागर मी तिच्या अंगावर ओतली, केसांना तेल लावलं, लाल रिबिनी बांधल्या.

"नाही सोडणार," मी म्हटलं. "तुमचं औषध काय विस्कटलेल्या केसांनाच लागू पडतं?"

कॅमेरावाला हसला. "राहू द्या. पुढची मुलगी घ्या."

तेवढ्यात माझ्या लेकीनं खाली वाकून मूठभर राख उचलली आणि दोन्ही गालांना फासली. रिबिनीची गाठ ओढत ती हळूच म्हणाली, "आई, भांडू नको ना. मला दप्तर पाहिजे."

माझं डोकं सणकलं. पदरानं मी तिचे गाल खसाखसा पुसले. ढिगातलं एक दप्तर उचलून तिच्या पाठीला अडकवलं आणि कॅमेऱ्यासमोर स्वतः जाऊन बसले.

"धूळच दाखवायचीय ना? मग काढा माझा फोटो! घरातलं सगळं पाणी पोरीच्या अंघोळीला गेलं. या तोंडाला कालपासून थेंब लागलेला नाही."