बर्फ्याचे हात

आईला न्यायला वृद्धाश्रमाची गाडी दहाला येणार होती. त्याआधी आईला अंघोळ घालून तयार ठेवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. बर्फ्याने 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. हल्ली तो सगळ्यालाच 'बरं' म्हणायचा.

बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढण्यात अर्धं आयुष्य गेलं, म्हणून बर्फ्या. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कामाला यायचं.

चर्चच्या बाई नेहमीसारख्या आल्या, पाणी तापवून त्यांनी बादली आईच्या पलंगाशी आणून ठेवली. पहिल्या दिवशी बर्फ्याने त्यांना दारातच अडवलं होतं. "हे बघा ताई, येशूबिशू काही नको इथे. आधीच सांगून ठेवतो." बाई म्हणाल्या होत्या, "बरं. बादली कुठाय?" तेव्हापासून रोज येत होत्या. आईला पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या, नखं कापायच्या, जाताना मोरी धुऊन जायच्या. आज ना उद्या ही बाई मुद्द्यावर येणार, म्हणून बर्फ्या वाट बघत राहिला. बाई काही मुद्द्यावर आल्या नाहीत.

"आज तुम्हाला हात लावावा लागेल, दादा," बाई म्हणाल्या. "माझी कंबर धरलीय. आजींना उठवून बसवणं एकटीला जमायचं नाही."

"माझा हात नको."

"का?"

"तिला चालत नाही." नळाला पाणी नाही म्हणावं, तशा आवाजात तो म्हणाला.

बाईंना कळलं नाही. मग त्याने करूनच दाखवलं. पुढे होऊन आईचं चांगलं मनगट धरलं. आईचं अंग आखडलं, घशातून बारीक आवाज निघाला आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती, अर्धं अंग गेलं होतं. एवढं मात्र ती स्पष्ट सांगायची.

"बघितलंत? तुम्ही हात लावलात की निवांत डोळे मिटते. मी लावला की भिंत. पोटच्या पोराचा हात नकोय तिला. मग कशाला ठेवू इथे? तिकडे जाऊ दे." त्याला राग आला नव्हता, रडूही येत नव्हतं. दोन्ही कधीच संपलं होतं.

बाईंनी ओला हात पुसला आणि बर्फ्याचा हात हातात घेतला. घेतला तसा चटकन सोडला.

"अहो, हे हात आहेत की काय?"

"का? काय झालं?"

"गार आहेत. केवढे गार आहेत, दादा!"

बर्फ्याने हात उलटेसुलटे करून बघितले. कारखान्यात सगळ्यांचेच असे होते, त्यामुळे कुणी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. घरात हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने तळवा स्वतःच्या मानेला लावून बघितला आणि दचकला.

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"मला वाटायचं, तुम्हाला किळस येते आईची," मग त्या म्हणाल्या. "म्हणून लांब उभे राहता. रोज घरी जाताना मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवायचे मी. आणि घरी जाऊन पुन्हा प्रार्थनेला बसायचे. चुकलं माझं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा या घरात प्रार्थनेचा शब्द निघाला, तोही माफी मागताना. बर्फ्या 'बरं' म्हणाला.

बाईंनी बादली त्याच्याकडे सरकवली. "घाला हात."

त्याने घातले. "काही वाटत नाही," तो म्हणाला.

"राहू द्या तसेच."

तो उकिडवा बसून राहिला. पाण्यातून वाफ येत होती. समोर आईची पाठ होती. "हे तुमच्या चर्चमध्ये शिकवतात का?" त्याने विचारलं.

"हात गरम करून लावायला? नाही हो. ते सासूबाईंनी शिकवलं. तापट होत्या, पण हात ऊबदार."

"मग चर्चमध्ये काय सांगतात?"

बाईंनी विचार केला. "ज्यांच्याकडे कुणी जात नाही त्यांच्याकडे जा, म्हणतात. गेल्यावर काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं."

बाहेर हॉर्न वाजला. बर्फ्या उठायला गेला आणि थबकला. बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. बघता बघता कळ तळव्यापर्यंत चढली. त्याने दात आवळले.

"दुखतंय," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग झालं. लावा आता."

त्याने हात पुसले आणि आईचं मनगट धरलं. आई सवयीने आखडली. त्याला वाटलं, संपलं. मग तिचं अंग हळूहळू सैल पडलं. तोंड भिंतीकडेच होतं, पण मनगट त्याच्या हातात राहिलं. थोड्या वेळाने तिची बोटं हलली आणि त्याच्या अंगठ्याभोवती मिटली.

हॉर्न पुन्हा वाजला. कमरेवर हात ठेवून बाई दाराकडे निघाल्या. "काय सांगू त्यांना?"

"जा म्हणावं," बर्फ्या म्हणाला. "आणि येताना दुसरं पाणी तापत ठेवा, ताई. हे गार होतंय."