उजवा कौल

दोन ओल्या कळ्यांपैकी डावीकडची सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. उजवीकडची पाषाणाला चिकटून तशीच राहिली. उजवी पडली असती तर होय, डावी पडली म्हणजे नाही. पावणाईनं चक्क नाही म्हणून सांगितलं.

"ह्या राहीचा पोर शिवा आज रत्नागिरीस फायनलच्या परीक्षेस चाललाय, त्याला यश दे म्हाराजा," असं आप्पा गुरवानं चांगला घसा ताणून गाऱ्हाणं घातलं होतं. आता त्याचं तोंड उतरलं. "डावा दिलान गो," तो हळूच म्हणाला.

राहीच्या पोटात मात्र गार वाटलं. खोटं कशाला सांगा, गुरव मोठ्यानं यश मागत होता तेव्हा ही बाई मनातल्या मनात उलटंच मागत होती. नापास कर गो आये, माझा पोर माझ्याजवळ राहू दे. तिचा थोरला भागोजी असाच सातवीची फायनल पास झाला होता. वाडीनं त्याला डोक्यावर घेऊन नाचवलं. मग पास झालेला पोर नांगर धरतो होय? तो मुंबईस गेला, गोदीत चिकटला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तापानं गेला. पावसाळ्यात बोटी बंद. इथं कळलं तेव्हा तिकडं सगळं उरकलं होतं. दसऱ्यानंतर बोटीनं त्याची पेटी तेवढी आली. नवरा त्याच्याही आधी गेलेला. आता घरात राही आणि शिवा, दोनच माणसं.

लोक म्हणतील, ही कसली आई. तीही स्वतःला तेच म्हणत होती. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

शिवा बाहेर दीपमाळेजवळ पाठमोरा उभा होता. कौल बघायचा त्याला धीर झाला नव्हता. पोरगं हुशार, पण भित्रं एक नंबरचं. गेल्या साली परीक्षेला निघाला, वाटेत मांजर आडवं गेलं, तर गडी तिथूनच माघारी. तेव्हापासून मास्तर राहीच्या मागे लागले होते. परवासुद्धा येऊन ओटीवर टेकले नि म्हणाले, "राहीबाई, अभ्यास मी करून घेतलाय, त्याची काळजी नको. तुम्ही फक्त त्याचा धीर सांभाळा. ते काम माझ्यानं होणारं नाही. ते घरच्या माणसाचं."

राहीनं मान डोलावली होती. तिनं त्याला गुरांमागे धाडणं बंद केलं, स्वतः नुसती पेज पिऊन त्याच्या पानात भात वाढला. हात एक करीत होते आणि मन दुसरंच मागत होतं.

ती देवळाची पायरी उतरली, मागोमाग आप्पा. मास्तर बोचकं खांद्याला लावून तयारच होते. ऊन चढायच्या आत त्यांना घाटी चढून वरचा उघड्या कातळाचा सडा पार करायचा होता.

"आये, कौल काय झाला?" शिवानं विचारलं.

आता बघा, तिला खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं तेवढं सांगायचं. डावा झाला रे बाबा, एवढं म्हटलं असतं की पोर जागचा हलला नसता, मास्तरांनी डोकं आपटून घेतलं असतं तरी. आज नाही आणि पुढल्या सालीही नाही. जन्मभर तिच्या डोळ्यांसमोर राहिला असता. भात लावला असता, सून आणली असती. वर तिला दोष द्यायला कुणाची जीभ उचलली नसती, कारण सांगणारी साक्षात देवी.

शिवा तिच्या तोंडाकडे बघत होता. शाईनं माखलेली बोटं त्यानं मुठीत गच्च धरली होती. तो भ्यालेला होता, पण त्याला जायचं होतं. फार जायचं होतं. ते तिला दिसलं आणि तिचा जीव तुटला.

"उजवा," राही म्हणाली. "कळी लावायचा अवकाश, लगेच दिलान."

शिवाचा चेहरा खुलला. तरी खात्रीसाठी तो गुरवाकडे वळला. "व्हय आप्पा?"

आप्पानं राहीकडे बघितलं. त्याची सारी हयात त्या गाभाऱ्यात गेली होती आणि कौल फिरवून सांगायचं पाप त्यानं कधी केलं नव्हतं. राहीनं नजर हलवली नाही.

"आयेनं सांगितलान ना," तो खाली बघत म्हणाला. "मग मला काय इचारतोस? नीघ आता."

शिवा आईच्या पाया पडला. उठताना म्हणाला, "आये, पास झालो की मीपण दादासारखा मुंबईस जाईन हां."

"जा," राही म्हणाली. तिनं त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "सावकाश लिही. घाई करू नको."

मास्तर आणि शिवा घाटीला लागले. ते ऐकू येणार नाही इतके लांब गेल्यावर आप्पा तिच्याजवळ आला.

"राही, देवीच्या नावानं खोटं बोललीस. ती सोडायची नाही गो. शिक्षा करील तुला."

राही वर बघत होती. शिवा मास्तरांनाही मागे टाकून झपाझप पुढे गेला होता. त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

"केलीन ना आप्पा," ती म्हणाली. "ती काय, घाटी चढून चालली."